तिसरा हात

यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका येते तिच्यात एक वाक्य ठरलेलं असतं. भाग सुटे कसे करायचे हे चित्रांसकट, बाणांसकट तीन पानं सांगून झालं की शेवटी एका ओळीत गुंडाळतात : जोडणी याच्या उलट क्रमाने करावी. झालं! हे वाक्य लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने काही परत जोडलं असेल यावर माझा तरी विश्वास नाही.

उघडताना सगळं तुमच्या बाजूने असतं. स्प्रिंगला सुटायचंच असतं, छर्ऱ्यांना घरंगळायचंच असतं, वॉशर तर हात लावायच्या आधीच खाली पडतो. जोडताना हीच सगळी मंडळी उलटतात. एका हाताने स्प्रिंग दाबून धरा, दुसऱ्याने वरची टोपी बसवा, आणि आता तो नट कोण फिरवणार?

आमचे बाबा अशा वेळी म्हणतात, "इथे तिसरा हात लागणार." आणि उठून स्वयंपाकघरात नाहीतर आईच्या शिवणाच्या डब्याकडे जातात. लहानपणी मला वाटायचं, तिसरा हात म्हणजे आई. (बऱ्याचदा ते खरंही असायचं, पण तो वेगळा विषय आहे.)

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. आठवडाभर तिथली यंत्रं आणि रविवारी आळीतल्या सायकली, पंखे, स्कूटर. पैसे घ्यायचे नाहीत, चहा मात्र दोनदा. आज ते ७८ वर्षांचे आहेत. हे सगळं आत्ताच लिहायचं कारण असं की गेलं वर्षभर आमच्या घरात बाबांच्या हत्यारांच्या पेटीवरून एक वाद चालू आहे, आणि वाद घालणारे सगळे माझं लिखाण वाचतात. फोनवर मला नीट मांडता येत नाही, मी लगेच आवाज चढवते. म्हणून इथे लिहिते. पण त्याआधी सायकल.

आपली साधी काळी सायकल घ्या. मागच्या चाकाच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंची ९ छर्रे, पुढच्या चाकात प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे १०, आणि पायडलच्या मधल्या एक्सलला, सुटे छर्रे असतील तर, दोन्हीकडे पाव इंची ११-११. हे आकडे मला तेराच्या पाढ्याच्या आधी पाठ होते. सगळे रचून झाले की शेवटी थोडी फट उरते आणि नवख्या माणसाला वाटतं, एक छर्रा हरवला. तो आणखी एक कोंबतो आणि मग चाक अडखळतं. छर्ऱ्यांना एकमेकांना न घासता फिरायला ती फट हवीच असते.

पण नुसते आकडे माहीत असून भागत नाही. एका बाजूचे छर्रे नीट रचावेत, एक्सल घालावा, दुसऱ्या बाजूसाठी चाक उलटं करावं, की पहिल्या बाजूचे टपाटपा फरशीवर, तिथून कपाटाखाली. यावरचा तिसरा हात सगळ्यांना माहीत असलेलाच आहे, ग्रीस. आधी ग्रीसचा जाड थर द्यायचा आणि लाडवावर बेदाणे रोवतात तसा एकेक छर्रा त्यात रोवायचा. मग चाक उलटं करा, आडवं करा, छर्रे हलत नाहीत. मे महिन्यात दुपारी ग्रीस सैल पडतं, म्हणून हे काम सकाळी. लोहचुंबकाने छर्रे उचलणं सोपं जातं, पण बाबांना ते चालत नाही. छर्ऱ्यांत थोडं चुंबकत्व राहून गेलं तर पुढे झिजेचा लोखंडी कीस त्यांनाच चिकटून बसतो, असं त्यांचं म्हणणं.

खरी परीक्षा फ्रीव्हीलची. फ्रीव्हीलच्या आतल्या भागावर दोन खिट्ट्या असतात, सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की हे कुत्रे बाहेरच्या कड्याच्या दातांत अडकतात आणि चाक फिरतं. पायडल थांबवलं की ते दातांवरून घसरत राहतात. सायकल हातात धरून चालताना जो कर्र कर्र आवाज येतो तो यांचाच. त्यांना उचलून धरायला केसाएवढी बारीक स्प्रिंग असते. आता बाहेरचं कडं वरून बसवायचं, तर दोन्ही कुत्रे एकाच वेळी आत दाबलेले हवेत, आणि ग्रीसमध्ये रोवलेली १/८ इंची छर्ऱ्यांची रांगही हलता कामा नये. एकाला दाबावं तर दुसरा डोकं वर काढतो.

बाबा इथे शिवणाचा दोरा घेतात. कुत्रे दाबून त्यांच्यावरून दोऱ्याचे तीन-चार वेढे द्यायचे. गाठ मारायची नाही. एक टोक लांब बाहेर सोडायचं. कुत्रे बांधले गेले. मग कडं निवांत खाली उतरवायचं, कुत्रे दातांच्या मागे गेले की ते टोक धरून हळूहळू ओढायचं. दोरा सरसर निघत येतो आणि शेवटचा वेढा सुटला की आतून आवाज येतो : टक्... टक्. मी आठ-नऊ वर्षांची असताना दोरा ओढायचा मान माझा असायचा. तो टक् ऐकण्यासाठी मी क्रिकेट सोडून आलेली आहे.

(जाता जाता : फ्रीव्हीलची वरची चकती उलट्या आट्याची असते, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की सुटते. हे ठाऊक नसलेल्या ताकदवान लोकांनी छिन्नी-हातोड्याने तिचे केलेले हाल मी पाहिलेत.)

तिसऱ्या हाताला बाबांची एक अट आहे. काम झालं की तो निघून गेला पाहिजे, नाहीतर तिथे राहून काही बिघडवता कामा नये. ग्रीस राहिलं तरी चालतं, ते तिथलंच आहे. दोरा ओढून काढता येतो. झटपट चिकटणारा गोंद मात्र त्यांच्या पेटीत नाही. तो पाहुणा म्हणून येतो आणि घरजावई होतो.

ही अट एकदा कळली की घरभर तिसरे हात दिसायला लागतात. अडचणीच्या जागी नट लावायचाय आणि तो बॉक्स पान्यातून सारखा खाली पडतोय? पान्याच्या तोंडावर वर्तमानपत्राचा एक कपटा ठेवून त्यावरून नट आत दाबा. कपट्यामुळे घट्ट बसतो, खाली तोंड केलं तरी पडत नाही आणि आटे धरले की पाना सहज निघतो. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी तो उलटा फिरवा, बोटाला एक बारीकसा टक् जाणवेपर्यंत. तो टक् म्हणजे स्क्रू जुन्या आट्याच्या तोंडाशी आला. तिथून सुलटा फिरवलात तर तो जुन्याच वाटेने जातो, नाहीतर दर वेळी नवीन आटे कापत जातो आणि चौथ्या-पाचव्या वेळी भोकात पकडच राहत नाही. हे मी मिक्सरपासून रिमोटपर्यंत सगळीकडे करते आणि ऑफिसमध्ये लोक विचारतात की तू स्क्रू उघडतेयस का लावतेयस.

आता वादाकडे येते.

पाच-सहा वर्षांपूर्वी बाबांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग सही बदलली. बँकेने दोनदा चेक परत पाठवला तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पार्किन्सन नाही, इसेन्शियल ट्रेमर नावाचा प्रकार आहे, असं त्यांनी सांगितलं. हात मांडीवर स्वस्थ असला की काहीच नाही. काही करायला उचलला की थरथर सुरू, आणि नेमक्या जागी पोहोचताना सगळ्यांत जास्त. म्हणजे स्क्रू खाचेपर्यंत नीट जाणार आणि शेवटच्या अर्ध्या इंचात नाचायला लागणार. औषधाने फरक पडला. बशी वाजायची थांबली. शेवटचा अर्धा इंच तसाच राहिला.

माझा धाकटा भाऊ बंगळूरला असतो. त्याचं म्हणणं, बाबांनी आता हे सगळं बंद करावं आणि पेटी कुणा होतकरू मुलाला देऊन टाकावी. तो दुष्ट नाही, उलट सगळ्यांत जास्त काळजी करणारा तोच आहे. गेल्या वर्षी शेजारच्यांच्या मोटरसायकलच्या स्टँडची स्प्रिंग बसवताना पक्कड निसटली आणि बाबांच्या अंगठ्याला तीन टाके पडले. भावाला त्या रात्री मी फोटो पाठवला होता आणि तो सकाळच्या विमानाने घरी हजर. आत्याचं मत भावासारखंच. आई कुणाच्याच बाजूने बोलत नाही, ती फक्त पेटीवरची धूळ पुसते.

माझं म्हणणं त्या स्प्रिंगपासूनच सुरू होतं. स्टँडची स्प्रिंग अतिशय जोरकस. एक टोक अडकवलं की दुसरं टोक हुकापर्यंत पोहोचायला बोटभर कमी पडतं. बहुतेक लोक पकडीने नाहीतर स्क्रू-ड्रायव्हरने ओढून बसवतात, आणि दहातल्या दोन वेळा ती निसटते. तेव्हा ती कुणाचाही अंगठा फोडते, थरथरता असो नाहीतर पैलवानाचा.

बाबांची पद्धत वेगळी आहे. ते स्प्रिंग हातात धरून आधी एका बाजूला वाकवतात. वाकवली की बाहेरच्या अंगाचे वेढे उघडतात. त्या प्रत्येक फटीत एकेक नाणं सरकवायचं. मग विरुद्ध बाजूला वाकवून तिकडच्या फटींतही नाणी. आता स्प्रिंग मोकळी सोडली तरी नाणी तिला मिटू देत नाहीत. ती आपोआप लांब झालेली असते, आणि तुम्ही ती दोन बोटांनी हुकात नुसती अडकवता. ओढाताण नाही. मग स्टँड खाली-वर केलं की वेढे ताणले जातात आणि नाणी आपोआप गळून पडतात, राहिलेली चिमट्याने काढायची. २०११ च्या जूनअखेर चार आणे चलनातून गेले, पण आमच्याकडे ते अजून कामावर आहेत. पातळ, पोलादी, अगदी हव्या त्या मापाचे. त्या दिवशी बाबा खाली पार्किंगमध्ये होते आणि नाण्यांची डबी वर घरात. लिफ्ट बंद होती. इतकंच झालं.

ब्रेकच्या पट्ट्यांचंही तसंच. मोटरसायकलच्या मागच्या ड्रममध्ये दोन अर्धगोल ब्रेक-शू असतात आणि त्यांना ओढून धरणाऱ्या दोन स्प्रिंगा. आधी शू बसवून नंतर स्प्रिंगा ताणायला गेलात तर पुन्हा तीच पक्कड आणि तोच अंगठा. त्याऐवजी दोन्ही शू बाहेरच स्प्रिंगांनी एकमेकांना जोडायचे, पुस्तक अर्धवट मिटावं तसे दुमडायचे, दोन्हीकडची टोकं आपापल्या जागेवर टेकवायची आणि पुस्तक उघडून सपाट दाबावं तसं तळव्याने दाबायचं. खट्कन बसतात. बोटांचं काम तळव्यावर गेलं, आणि तळवा थरथरला तरी काही अडत नाही.

हे मला आत्ता आत्ता लक्षात आलं. बाबांच्या जवळजवळ सगळ्या युक्त्यांमध्ये जोर आणि नेमकेपणा या दोन गोष्टी हातातून काढून कशात तरी दुसऱ्याच वस्तूत ठेवलेल्या असतात. तरुणपणी त्यांना याची गरज नव्हती, तेव्हा ते घाई वाचवायला हे करत. आता तेच सगळं उपयोगी पडतंय. निवृत्त झालेल्या माणसाला जुनी बचत उपयोगी पडते तसं.

अर्थात सगळंच जमतं असं नाही. आमची जुनी चेतक उघडायचं त्यांनी तीन वर्षांपूर्वी स्वतःहून थांबवलं. चेतक १९७२ साली बाजारात आली आणि कितीतरी वर्षं आमच्यापासून सायकलने जाता येईल अशा आकुर्डीच्या कारखान्यात बनत होती. आता ते नाव विजेच्या स्कूटरवर आहे, २०१९ पासून. आमची मात्र धूर सोडणारी, टू-स्ट्रोक. तिच्या पिस्टनची गजन पिन दोन्ही बाजूंनी एकेका सर्क्लिपने अडवलेली असते. नखाएवढी तारेची क्लिप. ती बसवताना सुटली आणि खाली क्रँककेसच्या उघड्या तोंडात गेली तर तासाभराचं काम आठवड्यावर जातं, पूर्ण इंजीन उघडावं लागतं. म्हणून आधी त्या तोंडात स्वच्छ फडक्याचा बोळा. आणि क्लिपला दोरा बांधून दोऱ्याचं दुसरं टोक दातात. बाबा दातात दोरा धरून पिस्टनवर वाकलेत हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जाणार नाही. त्यानंतर रिंगा. टू-स्ट्रोकच्या रिंगेच्या खाचेत एक बारीक खुंटी असते आणि रिंगेची तोंडं तिच्यावरच यायला हवीत, नाहीतर रिंग फिरून तिचं टोक सिलिंडरच्या खिडकीत अडकतं आणि तुटतं. त्यासाठी बोटाच्या टोकाने जी चाचपणी लागते, तिला कुठलाच दोरा पुरत नाही. "आता हिला गॅरेजमध्ये द्या," एवढंच म्हणाले आणि हात धुतले. कुणी सांगावं लागलं नाही.

या मार्चमध्ये आत्याचं शिलाई मशीन बिघडलं. आत्या निगडीला असते, काका गेल्यापासून ब्लाउज आणि फॉल-पिको हाच तिचा प्रपंच. लग्नसराईच्या तोंडावर तिच्या टिपेला खालच्या बाजूने दोऱ्याचे लूप पडायला लागले. नेहमीचा कारागीर गावी गेलेला, परतायला आठ दिवस, आणि टेबलावर एका लग्नाचे चौदा ब्लाउज. तिने मला फोन केला, बाबांना नाही. "दादाला सांगू नकोस हं, उगीच यायचा आणि..." पुढचं ती बोलली नाही. मी बाबांना सांगितलं.

खालच्या बाजूने लूप म्हणजे बहुतेक वेळा दोष वरच्या टेन्शनमध्ये. मशीनच्या तोंडावर ती दोन चकत्यांची जोडी असते ना, जिच्यातून दोरा जातो, ती. तिथे एका दांड्यावर ओळीने दोऱ्याची झटका-स्प्रिंग, दोन चकत्या, टेन्शन सैल करणारी पट्टी, शंकूसारखी स्प्रिंग आणि आकडे लिहिलेला नट. दांड्याच्या पोटात काडीएवढी एक सुटी पिन. सगळा ऐवज मिळून अक्रोडाएवढा. चकत्यांची फुगीर बाजू एकमेकींकडे हवी, स्प्रिंगचं शेपूट दांड्याच्या चिरेत हवं, आणि हे सगळं एकमेकांना रेटत असतं.

बाबांनी आत्याकडे विणायची सुई मागितली. आत्याला वाटलं काहीतरी टोचून काढणार. त्यांनी नट काढला, सुईचं टोक दांड्याच्या टोकाला टेकवलं आणि दांड्यावरचे भाग एकेक करून सुईवर सरकवले, जसे होते तसे, त्याच क्रमाने, त्याच तोंडाने. बटाटेवड्यांच्या काडीसारखी ती सुई पेल्यात आडवी टेकवून ठेवली. चकत्यांच्या आत कापसाचा आणि दोऱ्याच्या पिसांचा लगदा साचला होता. तो साफ करून परत ओवल्या, झटका-स्प्रिंग मोडली होती ती मी रिक्षाने जाऊन नवीन आणली. परत जोडताना सुई पुन्हा दांड्याला टेकवली आणि सगळं नुसतं पुढे ढकललं. सुई थरथरत होती, दांड्याला टेकलेली असल्यामुळे दोघं एकत्रच थरथरत होते आणि चकत्या आपल्या वाटेने घसरत गेल्या. आत्या बघत होती.

ती पोटातली पिन पडू नये म्हणून मी सवयीने ग्रीसकडे हात नेला, तर म्हणाले, "अगं, इथे ब्लाउज शिवायचेत. दोऱ्याला डाग लागेल." मशीनच्या पातळ तेलाचा एक थेंब लावला. तेवढ्यावर ती काडी आत चिकटून राहिली.

मग बॉबिनची केस. तिच्या बाहेरच्या पातळ पट्टीखालीही कचरा असतो, आणि ती पट्टी धरणारा स्क्रू तिळाएवढा. खरोखर तिळाएवढा. आईने घरून निघतानाच कणकेची गोळी सुचवली होती, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला लावायला. पण कणकेत पाणी असतं, लोखंडाला नको. मेणबत्तीचं मेण बरं. टोकाला मेण लावून स्क्रू चिकटवला. बाबांनी दोन्ही कोपर टेबलावर टेकवले, मनगटं एकमेकांना लावली, श्वास सोडला. एकदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा स्क्रू खाली ताटात पडला. (काम नेहमी काठाच्या ताटात करायचं, हे सांगायचं राहिलंच. ताटात पांढरं फडकं.) आत्याने तोंड फिरवलं.

बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "आधी उलटा फिरव," म्हणाले, "टक् जाणवेल." जाणवला.

संध्याकाळी आत्याने चौदापैकी चार ब्लाउज संपवले. टीप दोन्ही बाजूंनी सारखी. बाबा खिडकीपाशी बसून चहा प्यायले आणि ती कपडा उलटा करून त्यांना दाखवत होती, "दादा, हे बघ, हे पण बघ." पुढच्या रविवारच्या फोनवर आत्या पेटीबद्दल काही बोलली नाही. भाऊ बोलला. पण या वेळी त्याने विचारलं, "तो स्क्रू कुणी बसवला?" मी म्हटलं, मी. "मग ठीक आहे." म्हणजे नक्की काय ठीक आहे हे मी विचारलं नाही.

भावासाठी आणखी एक गोष्ट. तुला आठवतं, फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी एकदा बेअरिंग सापडलं होतं आणि आईने घर डोक्यावर घेतलं होतं? सोसायटीच्या छोट्या मोटरचं ६२०२ नंबरचं बेअरिंग होतं ते, बाहेरून ३५ मिलिमीटर. ॲल्युमिनियमच्या झाकणात ठोकून बसवावं लागतं म्हणून सगळे हातोडा घेतात. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. झाकण ८० अंशांनी जास्त तापवलं की त्याचं ३५ मिलिमीटरचं भोक साधारण सहा शतांश मिलिमीटरने मोठं होतं, आणि पिशवीत गुंडाळून थंड केलेलं बेअरिंग थोडं आक्रसतं. एवढ्या फरकात ते स्वतःच्या वजनाने आत जाऊन बसतं. ते काम बाबांनी परवा पुन्हा केलं, एकट्याने. हातमोजे घालून झाकण तव्यावरून उतरवलं, बेअरिंग वरून सोडलं, मिनिटभर थांबले. हातोडा पेटीतून बाहेरही आला नाही. आईने या वेळी मटार आधीच हलवून ठेवले होते.

आणि आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ आहे ना, चावीचं, बंद पडलेलं? ते उघडायचा आग्रह मीच करत होते. बाबांनी साफ नाही म्हटलं. चावी दिलेल्या मोठ्या स्प्रिंगेला शिस्तीत सैल केल्याशिवाय आतलं काही उघडायचं नसतं, ती सुटली तर चाकांचे दातही जातात आणि बोटंही, आणि ते काम रोजचा हात असलेल्या माणसाचं आहे. शनिवारी आम्ही दोघं ते लक्ष्मी रोडला घेऊन जाणार आहोत. काय करायचं नाही हे ज्या माणसाला इतकं स्पष्ट कळतं, त्याच्याकडून पेटी काढून घ्यायची घाई कशाला, एवढंच माझं म्हणणं होतं. दिवाळीत ये, तेव्हा भांडू.

येताना एक काम कर. चार आण्याची नाणी सध्या अकराच उरलीत, दोन त्या दिवशी पार्किंगच्या गटाराच्या जाळीत गेली. बाकीच्यांनाही सांगते, कुणाच्या देव्हाऱ्यात, जुन्या पर्समध्ये, पत्र्याच्या डब्यात पडलेली असतील तर टाकून देऊ नका. पोलादीच हवीत. गोल.